कोठीवर सांगायचं राहिलं

दिलीप,

काल दुपारी आम्ही तिघं कोठीवर येऊन पोचलो. मी, रेखा आणि तुझी शैला. तुला जाऊन चोवीस दिवस झाले. इथे यायची कल्पना शैलाची. तेरावा झाला, पाहुणे पांगले, तुमचा मुलगा परत कॅनडाला गेला, आणि त्याच संध्याकाळी तिनं रेखाला, आपल्या बहिणीला, फोन केला, "ताई, मला दोन दिवस कुठेतरी नुसतं पडून राहायचंय गं. कोठीवर जाऊ या?" खरं सांगतो, मला यायचं नव्हतं. नोएडाहून गाडी चालवत पानिपतला जायचं, शैलाला घ्यायचं, पुढे कालव्याच्या कडेकडेनं तो खड्ड्यांचा रस्ता, आणि एवढं करून पोचल्यावर फाटकात तू नसणार. पण नाही कसं म्हणू? बॅग भरली आणि निघालो.

फार थकलोय रे. आणि हे काही वयाचं थकणं नव्हे. माणसं भेटायला येतात, त्यांना पाणी द्यायचं, चहा द्यायचा, मग काय झालं ते पहिल्यापासून सांगायचं. सकाळी फिरून आला, बूट काढले, पाणी मागितलं, खुर्चीत बसला, संपलं. ऐकणारा हळहळतो, आणि तो गेला की दुसरा येतो. शैलाला बोलवत नाही म्हणून हे काम माझ्याकडे आलं. शोकसभेत तुझं शिक्षण, गिरणीतलं रंगखातं, मंडळाच्या गणपतीसाठी केलेली धावपळ, सगळं सांगून झालं. तेही मीच सांगितलं. इथे त्यातलं काही लिहीत नाही, ते लोकांसाठी होतं.

कोठीचे मालक मास्टरजी फाटकात उभे होते. आता काठी घेतात. अठरा वर्षं आपली गाडी आत शिरली की हे गृहस्थ गावभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचे, "आ गए भाई पेशवा लोग!" आणि तू काच खाली करून तितक्याच मोठ्यानं, "इस बार जीत के जाएंगे, मास्टरजी!" अठरा वर्षं तोच विनोद, आणि दोघं दर वेळी नव्यानं हसायचात. मी कपाळाला हात लावायचो. काल मास्टरजी काही ओरडले नाहीत. "आओ जी," एवढंच म्हणाले, आणि शैलाच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मी डिकीतून सामान काढत राहिलो.

घर आहे तसंच आहे. मास्टरजींच्या पणजोबांनी, कालव्याचं पाणी या शेतांना मिळालं तेव्हा बांधलेलं. तळहाताएवढ्या पातळ विटा, चुन्यात बसवलेल्या, आणि हातभर जाड भिंती. गाव त्याला कोठी म्हणतं म्हणून आपणही कोठी म्हणायला लागलो. पुढे कमानींची लांब ओसरी, तिच्यामागे पाहुण्यांसाठी तीन खोल्या, परसात कडुनिंब आणि वेगळं स्वयंपाकघर. बाकी निम्म्या घरात अजून गव्हाची पोती. पाटी नाही, जाहिरात नाही, ओळखीशिवाय मास्टरजी कुणाला ठेवून घेत नाहीत, आणि फोन लावायचा तर गच्चीवर जावं लागतं. या वेळी गहू कापून झालाय. फेब्रुवारीत आलो होतो तेव्हा कसं हिरवंगार होतं, कडेला मोहरी पिवळी. आता सगळीकडे खुंट आणि धूळ. तरी खोलीत पाऊल टाकलं की गार वाटतं.

पहिल्यांदा तू मला इथे बोलावलंस तेव्हा मी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. संसदेचं अधिवेशन चालू असलं की मंत्रालयातून परतायची वेळ नसायची, रविवारीसुद्धा फायली घरी यायच्या. तुझा फोन आला, "उदयराव, दोन दिवस माणसांत या. एक जुनं फार्महाऊस सापडलंय." मी म्हटलं, दिल्लीत फार्महाऊस म्हणजे लग्नं, डीजे आणि रस्ता अडवून उभ्या गाड्या, मला नको. तू म्हणालास, "अहो, इथला डीजे म्हणजे मास्टरजींची म्हैस. फक्त पहाटे वाजते." तुझ्या खात्यातल्या कारकुनाचे हे मास्टरजी काका, एवढ्या ओळखीवर आपण आलो. पहिल्या दुपारी मी बाजेवर आडवा झालो तो थेट चहालाच उठलो. नोकरीत लागल्यापासून दुपारी झोपलोच नव्हतो. तेव्हाच तुझे आभार मानायला हवे होते. मी काय म्हटलं, तर डास फार आहेत.

नियम तूच केलास. कोठीवर दोघी बहिणींनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, रांधायचं आपण. "विश्रांतीला आणायचं आणि नुसतं स्वयंपाकघर बदलून द्यायचं, याला काय अर्थ आहे?" हे तू रेखाला म्हणालास, आणि मला तो टोमणा वाटला, कारण मी घरी चहासुद्धा करत नव्हतो. दोघी ओसरीत बाजेवर बसणार, पाय वर घेऊन दिवसभर हळू आवाजात बोलणार. आपण दोघं साडू परसात चुलीपाशी. आपलं नातं तरी काय, तर एकाच घरच्या दोन मुली आपण केल्या. पहिली दहा वर्षं आपण एकमेकांशी अहो-जाहो करत, सणावाराला भेटत, हवेवर आणि राजकारणावर बोलत काढली. मग त्या पहिल्या मुक्कामात मी पिठलं ढवळता ढवळता कालव्यावरचे बगळे बघत उभा राहिलो आणि तू ओरडलास, "अरे गाढवा, ढवळ की!" दोघंही चपापलो. तू जीभ चावलीस. मी म्हटलं, "ढवळतोय रे." त्या दिवशी पिठल्याचं पार पानिपत झालं, पण आपलं 'राव' प्रकरण संपलं.

पिठल्यावरून आपण अठरा वर्षं भांडलो. तुला फोडणी मोहरीच्या तेलाची हवी, कारण मास्टरजींच्या घाण्याचं ताजं तेल समोर असताना बाटलीतलं शेंगदाण्याचं वापरणं म्हणजे तुझ्या मते पाप. तो वास माझ्या नाकात जायचा. मी म्हणायचो, "हे पिठलं नव्हे, बेसनाचं लोणचं आहे." तू म्हणायचास, "तू खा यार, आणि मग बोल." मी खायचो, आणि मग बोलायचो. शेवटपर्यंत मी कबूल केलं नाही. आता करतो. भाकरीबरोबर ते बरं लागायचं. चांगलंच लागायचं म्हण हवं तर.

दुसरं भांडण जरा खोलातलं होतं. परत जायचं का? दिल्लीतल्या कुठल्याही मराठी घरात चार माणसं जमली की हा विषय निघतो. मी पुण्याच्या बाजूचा. तू इथला. "पुण्यात आपल्याला ओळखतं कोण?" तू विचारायचास. "तिथे आपण दिल्लीवाले. माझ्या भाचीला माझं मराठी ऐकून हसू येतं, मी मध्येच 'बिल्कुल' म्हणतो म्हणून." मी म्हणायचो, निदान मरताना कानावर मराठी पडावं. त्यावर तुझं उत्तर ठरलेलं, "मरताना माणूस पाणी मागतो, आणि ते पानिपतातही मिळतं." त्या सकाळी तू खरंच पाणी मागितलंस. शैला पेला घेऊन आली तोवर उशीर झाला होता. हे शोकसभेत मी सांगितलं नाही.

आणि तू इथे आलास कुणामुळे? इचलकरंजीतली तुझी गिरणी बंद पडायला आली होती, पानिपतहून बोलावणं होतं, आणि तुझा पाय निघत नव्हता. तू मला लांबलचक पत्र पाठवलंस. शैलाचं कसं होईल, भाषा, थंडी, माणसं, सगळ्या शंका क्रमांक घालून. मी उत्तरात एक ओळ लिहिली, "या. मी आहे इथे." इतकी छोटी आणि इतकी स्पष्ट ओळ मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कागदावर लिहिली नसेल. तू आलास. दर दिवाळीला, दर आजारपणात, मुलांच्या बारशांना, तू किंवा मी त्या रस्त्यावर असायचो. मी आहे म्हणालो होतो आणि होतो, एवढं मात्र खरं.

आता मुद्द्यावर येतो. तू म्हणशील, आलास का एकदाचा.

गेल्या दिवाळीनंतरची हवा तुला माहीतच आहे. रेखाचा खोकला पौषापर्यंत गेला नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया डोक्यावर. पुण्याहून लेक रोज फोन करून एकच विचारायची, "बाबा, तुम्ही नक्की कशासाठी तिथे राहताय?" मला सांगता येईना. जानेवारीत एका रविवारी आम्ही दोघांनी ठरवलं, जूनमध्ये नोएडाचं घर सोडायचं. कायमचं. लेकीच्या सोसायटीतच लिफ्ट असलेली जागा बघितली. रेखा म्हणाली, "आता शैलाला आणि दिलीपला सांगा." मी म्हटलं, "सगळं पक्कं होऊ दे, मग मी समोरासमोर सांगेन. तू बोलू नकोस." ती माझ्याकडे बघत राहिली आणि "बरं" म्हणाली.

मंत्रालयात आयुष्य काढलं ना मी. नको असलेल्या कागदावर 'कृपया चर्चा करावी' असं लिहून तो पुढच्या टेबलावर ढकलायचा, हे मला झोपेतही जमतं. चर्चा कधी होत नाही, कागद पडून राहतो, आणि आपण कुणाला नाही म्हटलेलं नसतं. तुझ्या बाबतीत मी तेच केलं. तुला कसं सांगू? तुझा मुलगा लांब. पानिपतात ओळखी पुष्कळ, पण घरचे म्हणून आम्हीच. या म्हणणारा मी, आणि तू माझ्या भरवशावर आलेला. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

म्हणून फेब्रुवारीत कोठीवर यायचा हट्ट मी धरला. तू म्हणालास, "तू स्वतःहून? तब्येत बरी आहे ना?" मी ठरवून आलो होतो की तीन दिवसांत केव्हातरी सांगायचं.

पहिल्या सकाळी कालव्यावर फिरायला गेलो. धुकं उतरत होतं, तू मफलर डोक्याला गुंडाळलेला. अर्ध्या वाटेत तू विचारलंस, "रेखाच्या गुडघ्याचं काय ठरलं रे? ऑपरेशन कुठे करणार?" किती सरळ प्रश्न. पुण्यात, एवढंच म्हणायचं होतं, पुढचं आपोआप आलं असतं. मी म्हटलं, "बघू. डॉक्टर अजून काही म्हणत नाहीत." तू मान हलवलीस. पुढे पुलापर्यंत आपण कुणीच बोललो नाही, आणि मला वाटलं, कसं शांत आहे सगळं.

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी. तू भाकरी थापत होतास, मी बेसन भिजवत होतो. तू हात थांबवलास आणि म्हणालास, "बोल."

"काय बोलू?"

"काहीही. तू गप्प गप्प आहेस आल्यापासून."

माझ्या घशाशी आलं होतं. देवाशपथ आलं होतं. आणि मी म्हटलं, "या बेसनात गुठळ्या फार होतायत. चाळून घ्यायला हवं होतं." तू माझ्याकडे पाहिलंस. मग परातीकडे बघून हसलास आणि म्हणालास, "चलो. चाळून घे मग." मी चाळणी शोधायला उठलो आणि सुटलो. सुटल्यासारखं वाटलं हे लिहितानाही मला कसंतरी होतंय.

तिसऱ्या दिवशी निघताना मास्टरजी हिशेब-बिशेब न करता नेहमीप्रमाणे गुळाची ढेप घेऊन आले. "फिर कब?" तू म्हणालास, "सर्दियों में." आणि माझ्याकडे वळलास. "येऊ ना रे आपण चौघं? कार्तिकात?" मी गाडीची किल्ली शोधत होतो. किल्ली हातातच होती. मी म्हटलं, "हो, येऊ की. का नाही?" तू गुळाची ढेप डिकीत ठेवलीस. मग माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास, "मग ठरलं." ते आपलं शेवटचं समोरासमोरचं बोलणं. त्यानंतर फोन झाले, पण ते हवेबद्दल.

हे सगळं मी गेले चोवीस दिवस एकटा घेऊन फिरतोय. तू खोट्या भरवशावर गेलास असं मला वाटत होतं. रात्रंदिवस एकच, की कार्तिकात सगळे येणार असं समजून हा माणूस गेला. थोडं बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू. निदान तुला दुखवलं तरी नाही.

आज सकाळी मी चुलीपाशी होतो. एकटाच. नियम नियम आहे. बेसन भिजवलं, लसूण ठेचला, आणि शैला दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "तू इथे यायचं नाहीस. त्याला चालायचं नाही." ती आत आली आणि तुझ्या पाटावर बसली. परात पुढे ओढून पीठ मळायला लागली. मी फोडणीला तेल ठेवलं.  मग ती म्हणाली, "भाऊजी, पॅकर्स कधी येणार आहेत?"

मी पळी धरून उभा.

"जूनच्या पहिल्या आठवड्यात ना? ताई म्हणत होती."

"रेखानं तुला कधी सांगितलं?"

"जानेवारीत. ठरलं त्याच दिवशी. घरच्या गच्चीवर उभी राहून बोलत होते मी, फोन कट होत होता सारखा." ती पीठ मळतच होती. "तुम्ही तिला सांगू नको म्हणालात, तेही तिनं सांगितलं."

मला खरं तर हसू यायला हवं होतं. दोन सख्ख्या बहिणी. अठरा वर्षं त्या ओसरीत बसून हळू आवाजात बोलतायत, आणि आपण चुलीपाशी बसून समजत होतो की आपल्या गोष्टी आपल्याकडेच आहेत. मी विचारलं. विचारायलाच हवं होतं. "आणि दिलीपला?"

"त्यांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं."

दिलीप, मी चुलीसमोर खाली बसलो.

शैला म्हणाली, "ते म्हणाले, उदयला कळू द्यायचं नाही की मला माहीत आहे. तो येईल आणि स्वतःच्या तोंडानं सांगेल. त्याला ते जड जाणार आहे, त्याला वेळ दे. ताईलाही त्यांनी तसंच बजावलं होतं." म्हणजे चौघांत गुपित होतं ते फक्त माझ्यापासून. गुडघ्याचा प्रश्न तू उगीच विचारला नव्हतास. 'बोल' उगीच म्हणाला नव्हतास. कार्तिकात येऊ ना, हे तर तू सरळ दार उघडून धरलं होतंस, आणि मी त्या दारातून 'का नाही' म्हणत बाहेर पडलो. तुला ठाऊक होतं मी खोटं बोलतोय. ठाऊक असून तू पाठीवर थाप मारलीस.

"रागावला होता?" मी विचारलं.

"रागावले नाहीत. घरी गेल्यावर फार हसले. म्हणाले, तीनदा विचारलं शैला, आणि हा माणूस बेसनाबद्दल बोलला." तिनं पिठाचा गोळा मोडला. मग म्हणाली, "वाईट वाटलं होतं त्यांना, भाऊजी. तुम्ही जाताय याचं नाही. ते म्हणाले होते, रेखाला इथे ठेवून मारायचंय का, जायलाच हवं. वाईट याचं वाटलं की तुम्हाला वाटलं, ह्यांना झेपणार नाही."

पिठलं खाली लागलं. मी ढवळलं नाही आणि कुणी ओरडलंही नाही.

थोडा वेळ मला तुझाच राग आला. माहीत होतं तर बोलायचं होतंस ना! 'उदय, मला कळलंय' एवढे तीन शब्द. मोठा आलाय माझी परीक्षा घेणारा. पण ही परीक्षा नव्हती, हे मलाही समजतं. तू मला माझ्या लाजेतून मानानं बाहेर पडायला जागा ठेवली होतीस, आणि सहा आठवडे ती तशीच मोकळी ठेवलीस. तुला घाई नव्हती. आपल्याकडे वेळ आहे असं तुलाही वाटत होतं, मलाही. त्यात तुझं काही चुकलं नाही. माझं मात्र चुकलं.

दुपारी रेखाला म्हटलं, "राहू दे पुणं. शैलाला एकटं टाकून कसं जायचं?" ती बाजेवर उठून बसली. "तुम्ही शैलाला विचारलंत?" विचारलं नव्हतं. शैलानं आतूनच उत्तर दिलं, "मी कुठेही जात नाही आणि माझ्यासाठी कुणी थांबायचंही नाही. माझ्या शिकवण्या आहेत, मंडळातल्या माझ्या बायका आहेत, मास्टरजी आहेत. थंडीत मी ताईकडे येईन, उन्हाळ्यात तुम्ही इथे या. आता पुन्हा काहीतरी परस्पर ठरवू नका, भाऊजी." मग दोघी हळू आवाजात बोलायला लागल्या, आणि या वेळी मी ओसरीच्या टोकाला बसून ऐकलं. गुडघ्याच्या डॉक्टरबद्दल बोलत होत्या. मग गाद्यांबद्दल. मग तुझ्याबद्दल, बराच वेळ, आणि मध्येच दोघी हसल्यासुद्धा.

आता ऊन उतरलंय. मास्टरजी वहीचे कागद देऊन गेले आहेत, शाळेतले, एका बाजूला रेघा नसलेले. त्यावरच हे लिहितोय. ओसरीच्या भिंतीला पाठ टेकली की गारवा पाठीतून आत येतो. थकवा आहे तसाच आहे, तो इतक्यात जाईलसं वाटत नाही. पण चोवीस दिवस जे गुपित म्हणून धरून ठेवलं होतं, ते गुपित मानणारा मी एकटाच होतो हे कळल्यावर आता हात दुखायला लागले आहेत.

तेव्हा नीट सांगतो. मध्ये बेसन नाही, डॉक्टर नाही, बघू नाही.

दिलीप, आम्ही पुण्याला चाललो आहोत. जूनमध्ये, कायमचे. तुला इथे बोलावून मी जातोय. मला जायचंय म्हणून जातोय, कुणी भाग पाडलेलं नाही. हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, बायकांकडून नव्हे.

फेब्रुवारीत सांगितलं असतं, तर सगळं ठाऊक असूनही तू चिडल्याचं सोंग केलं असतंस. दोन दिवस फोन उचलला नसतास. शैलाला म्हणाला असतास, "त्याला सांग, मी घरी नाही." आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात उभा राहिला असतास, गिरणीतून आणलेल्या सुती दोऱ्यांची दोन बंडलं काखेत मारून, आणि आत न येताच म्हणाला असतास, "कपाटं आधी बांधायची. तुला काही जमायचं नाही. हो बाजूला."